अल्डोस्टेरॉनला आवर आणि हृदयाची लय

एट्रिअल फिब्रिलेशन हा हृदयाची लय बिघडण्याचा, प्रौढांत सर्वाधिक आढळणारा टिकाऊ प्रकार आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात एएफ म्हणतात. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, शिस्तीने आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात. आत रक्त साकळते, गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. रक्तदाबासाठी आणि हृदय कमकुवत झाल्यावर दिली जाणारी काही संप्रेरकरोधक औषधे हा विकार टाळण्यास उपयोगी पडतात का, हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे हृदयरोगशास्त्रात चर्चिला जात आहे.

त्याबाबत दोन मते रूढ आहेत. पहिले मत असे, की अनियमित ठोका हा विजेचा बिघाड आहे, त्यामुळे तो विजेवर काम करणाऱ्या औषधांनी किंवा उपकरणांनीच दुरुस्त करायचा. दुसरे मत याच्या उलट आहे : औषधे जुनी व स्वस्त आहेत, काही चाचण्यांत फायदा दिसला आहे, तेव्हा ज्याचे ठोके चुकतात त्या प्रत्येकाला ती द्यावीत. दोन्ही मते उथळ आहेत, कारण दोघांनाही या विकाराचा काळ दिसत नाही. एएफ एका दिवसात उद्भवल्यासारखा वाटला तरी अलिंदाच्या भिंतीत त्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते. संप्रेरकरोधक औषधे या तयारीच्या काळात आणि ज्यांच्या शरीरात ही संप्रेरके अतिरेक करत आहेत अशाच रुग्णांत परिणामकारक ठरतात. विकार मुरल्यावर त्यांच्याकडून लय सुधारण्याची अपेक्षा धरणे चूक आहे.

१. निमित्त आणि घडण

निरोगी माणसाच्या ईसीजीत प्रत्येक उंच टोकाआधी एक लहान, गोलसर उंचवटा दिसतो. तो अलिंदांच्या आकुंचनाचा. एएफमध्ये हा उंचवटा नाहीसा होतो, त्या जागी बारीक, वेडीवाकडी थरथर उमटते आणि उंच टोकांमधले अंतर प्रत्येक वेळी बदलते. बोटांना लागणारी नाडी कधी लगेच, कधी उशिराने, कधी जोरात, कधी क्षीण लागते.

ही अवस्था येण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक निमित्त, म्हणजे भलत्या जागेहून निघालेला अवेळी ठोका. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की असे ठोके बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी निघतात. ही ठिकाणे निष्क्रिय करणारी ॲब्लेशनची आजची पद्धत या शोधावर उभी आहे. दुसरी गोष्ट अलिंदाची घडण. अवेळी ठोके निरोगी माणसालाही येतात आणि विरून जातात. ताणलेल्या, व्रणांनी भरलेल्या अलिंदात मात्र तोच ठोका वाट चुकतो, फिरून मागे येतो आणि गोल गोल फिरत राहतो.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे मॉरिट्स अलेसी यांच्या गटाने १९९५ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांतून आणखी एक बाब पुढे आणली. अलिंद कृत्रिम रीतीने थरथरत ठेवले, तर ही थरथर दिवसेंदिवस अधिकाधिक टिकू लागते. एएफ स्वतःच स्वतःची मुळे घट्ट करतो. म्हणून त्याच्या पहिल्या झटक्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

२. संप्रेरकांची साखळी

१८९८ मध्ये स्टॉकहोममधील रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांना मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढवणारा पदार्थ सापडला. त्याला त्यांनी रेनिन नाव दिले. पुढच्या साठेक वर्षांत साखळी पूर्ण झाली. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचले किंवा शरीरातले मीठ घटले की रेनिन स्रवते. ते यकृतात तयार झालेल्या प्रथिनाचे तुकडे करून अँजिओटेन्सिन-१ बनवते. मुख्यतः फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील एसीई हे विकर त्याचे अँजिओटेन्सिन-२ करते. हे अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. सिल्विया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये अल्डोस्टेरॉन वेगळे काढले.

रक्तस्राव, जुलाब किंवा मिठाचा तुटवडा अशा प्रसंगी ही साखळी जीव वाचवते. मीठ-पाणी राखायचे, पोटॅशियम बाहेर टाकायचे, दाब टिकवायचा, हे तिचे काम. हृदय कमकुवत झाल्यावर मात्र मूत्रपिंडाला कमी रक्त मिळते आणि शरीर त्याचा अर्थ रक्तस्राव असा लावते. संकट नसताना संकटकाळची यंत्रणा महिनोन् महिने चालू राहते आणि अपाय तिथून सुरू होतो.

३. भिंतीवर होणारे तीन आघात

पहिला आघात भाराचा. साठलेले मीठ-पाणी आणि वाढलेला दाब यांमुळे डावे निलय, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, जाड होते व ताठरते. त्यात रक्त ढकलताना डाव्या अलिंदावर ताण येतो आणि ते फुगते. टू-डी इकोच्या अहवालात ‘डावे अलिंद वाढलेले’ अशा अर्थाची जी ओळ असते, तिच्यात हा सारा इतिहास साठलेला असतो.

दुसरा आघात व्रणांचा. अँजिओटेन्सिन-२ आणि अल्डोस्टेरॉन स्नायूंच्या पेशींमधल्या तंतुनिर्मात्या पेशींना चेतवतात. त्या कोलॅजेनचे धागे विणू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एकमेकींना खेटून बसलेल्या स्नायुपेशींच्या जुड्यांमध्ये या धाग्यांच्या पट्ट्या घुसलेल्या दिसतात. विद्युत्प्रवाहाला त्या ओलांडता येत नाहीत. तो वळसे घेत, नागमोडी आणि सावकाश जातो. एखादी वाट इतकी लांब होते की प्रवाह परत येईपर्यंत मागची पेशी पुन्हा चेतण्यास तयार झालेली असते. वर्तुळ पुरे होते आणि थरथर सुरू होते.

तिसरा आघात क्षारांचा. अल्डोस्टेरॉन पोटॅशियम व मॅग्नेशियम लघवीवाटे घालवते. ते घटले की पेशी अस्थिर होतात आणि अवेळी ठोके वाढतात. म्हणजे हे संप्रेरक घडण बिघडवते आणि निमित्तही पुरवते.

याचा मानवी दाखला एका वेगळ्याच रोगात मिळतो. अमेरिकेतील जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात अधिवृक्क ग्रंथी आपल्या आपण जादा अल्डोस्टेरॉन स्रवते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात अशा १२४ रुग्णांची तुलना तेवढाच रक्तदाब असलेल्या, पण अल्डोस्टेरॉनचा अतिरेक नसलेल्या ४६५ रुग्णांशी केली गेली. एएफचे प्रमाण पहिल्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्यात ०.६ टक्के निघाले. रक्तदाब सारखा असूनही हा फरक पडत असेल, तर दोष एकट्या दाबावर ढकलता येत नाही.

४. अडवण्याच्या तीन जागा

साखळी तीन ठिकाणी तोडता येते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे एसीई विकराला अडवतात. लोसार्टन, व्हल्सार्टन, टेल्मिसार्टन ही ‘सार्टन’ औषधे अँजिओटेन्सिन-२ला त्याच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसू देत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि अलीकडचे फिनेरेनोन ही अल्डोस्टेरॉनच्या ग्राहीवर स्वतः जागा धरतात.

पहिल्या दोन जागा अडवल्यावर तिसरीची गरज काय, असे वाटू शकते. तिची दोन कारणे आहेत. एसीई अडवल्यावर सुरुवातीला घटलेले अल्डोस्टेरॉन काही महिन्यांनी अनेक रुग्णांत पुन्हा वर येते, कारण रक्तातील पोटॅशियमसारख्या इतर वाटांनीही त्याला चालना मिळते. शिवाय हृदयपेशीतील या ग्राहीवर कॉर्टिसॉलही बसू शकते. त्यामुळे रक्तातील अल्डोस्टेरॉन प्रमाणात असतानाही ग्राही चेतलेला असू शकतो. संप्रेरकाची पातळी खाली आणण्यापेक्षा ग्राही झाकणे अधिक खात्रीचे ठरते ते यामुळे.

५. आधी दिल्यास : अनुकूल पुरावा

उच्च रक्तदाब आणि जाड झालेले डावे निलय असलेल्या ९,१९३ रुग्णांच्या ‘लाइफ’ चाचणीत लोसार्टनची तुलना ॲटेनोलॉल या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाशी झाली. नव्याने एएफ झालेले रुग्ण लोसार्टन गटात १५०, तर ॲटेनोलॉल गटात २२१ होते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरील ‘व्हॅल-हेफ्ट’ चाचणीत व्हल्सार्टन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत सुमारे ८ टक्के राहिले.

अल्डोस्टेरॉनरोधकांचा पुरावा याहून बोलका आहे. २०११ मधील ‘एम्फसिस-एचएफ’ चाचणीत हृदयाची पंपशक्ती घटलेल्या, पण लक्षणे सौम्य असलेल्या २,७३७ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील बहुतेक जण एसीईरोधक किंवा सार्टन आधीपासून घेत होते. ज्यांना पूर्वी एएफ नव्हता, अशांपैकी एप्लेरेनोन गटात २.७ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ४.५ टक्क्यांना तो जडला. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांच्या ‘फिडेलिओ-डीकेडी’ चाचणीत फिनेरेनोनमुळे हेच प्रमाण ४.५ वरून ३.२ टक्क्यांवर आले.

निलयांतून उद्भवणारे लयीचे बिघाड एएफहून घातक, कारण त्यांतून अचानक मृत्यू ओढवतो. तिथेही दिशा तीच आहे. १९९९ च्या ‘राल्स’ चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले आणि अचानक होणारे मृत्यूही कमी झाले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय कमकुवत झालेल्यांवरील २००३ च्या ‘एफेसस’ चाचणीत एप्लेरेनोनने अचानक हृदयमृत्यू २१ टक्क्यांनी कमी केले.

६. उशिरा दिल्यास : प्रतिकूल पुरावा

आता दुसरी बाजू. २००९ च्या ‘जिस्सी-एएफ’ या इटालियन चाचणीत एएफ आधीच होऊन गेलेल्या १,४४२ रुग्णांना व्हल्सार्टन किंवा दिखाऊ गोळी दिली. वर्षभरात विकार पुन्हा उद्भवला तो ५१.४ आणि ५२.१ टक्क्यांत, म्हणजे जवळपास सारखाच. ९,०१६ रुग्णांच्या ‘ॲक्टिव्ह-आय’ चाचणीत इर्बेसार्टनने आणि जर्मनीतील ‘अँटिपाफ’ चाचणीत ओल्मेसार्टननेही निराशा केली. कायमचा एएफ जडलेल्या २५० रुग्णांपैकी निम्म्यांना बर्मिंगहॅममध्ये दोन वर्षे स्पायरोनोलॅक्टोन देऊन पाहिले गेले, तेव्हा त्यांची श्रम करण्याची क्षमता वाढली नाही.

या दोन टोकांच्या मधला दाखला ‘रेस-३’ चाचणीचा. सौम्य ते मध्यम हार्ट फेल्युअर असलेल्या आणि एएफ नुकताच टिकाऊ होऊ लागलेल्या २४५ रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत अल्डोस्टेरॉनरोधक, एसीईरोधक किंवा सार्टन, स्टॅटिन आणि देखरेखीखालचा व्यायाम दिला गेला. वर्षअखेरीस लय शाबूत राहिलेले त्या गटात ७५ टक्के आणि दुसऱ्या गटात ६३ टक्के होते. पाच वर्षांनंतर हा फरक ठळक उरला नाही.

७. विसंगती कुठे मिटते

अनुकूल आणि प्रतिकूल चाचण्या शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना खोडत नाहीत, हे दिसते. त्यांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. पहिल्या गटातील बहुतेक रुग्णांना एएफ नव्हता आणि त्यांची संप्रेरक-साखळी ठळकपणे चेतलेली होती. दुसऱ्या गटातील सर्वांना एएफ होऊन गेला होता आणि अनेकांचे हृदय अन्यथा बरे होते. छताची गळती बंद केली की पुढची पडझड थांबते. निखळलेला गिलावा परत चिकटत नाही.

दुसऱ्या एका संप्रेरकाची कथाही हेच सांगते. थायरॉइड जादा स्रवू लागल्यास एएफ होऊ शकतो. त्यावर उपचार करून पातळी पूर्ववत आणली की बऱ्याच रुग्णांची लय पुढच्या काही महिन्यांत आपोआप सुधारते. एएफ दीर्घकाळ मुरलेला असेल, तर पातळी पूर्ववत होऊनही लय परतत नाही.

युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा भेद मान्य केला. पंपशक्ती घटलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आणि निलय जाड झालेल्या उच्च रक्तदाबात एसीईरोधक किंवा सार्टन एएफ टाळण्यासाठी विचारात घ्यावे, असे त्यांत म्हटले होते. ज्याला अधूनमधून एएफ होतो पण हृदयरोग फारसा नाही, त्याला ते पुनरुद्भव रोखण्यासाठी देऊ नये, असेही म्हटले होते.

८. चार आक्षेप

पहिला आक्षेप : फायदा झाला तो रक्तदाब उतरल्यामुळे, संप्रेरक अडवल्यामुळे नव्हे. रक्तदाबाचा वाटा नाकारता येत नाही. पण ‘लाइफ’ चाचणीत दोन्ही औषधांनी रक्तदाब जवळपास सारखाच उतरवला होता आणि तरीही एएफच्या प्रमाणात फरक पडला. कॉन यांच्या आजारातील आकडेही तेच सुचवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अनुकूल निष्कर्ष बहुतेक दुय्यम विश्लेषणांतून आले आहेत. या चाचण्या मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर मोजण्यासाठी आखल्या होत्या, एएफची नोंद ओघाने झाली, आणि लक्षणे न देणारे झटके तीत निसटले असणार. पंपशक्ती शाबूत असलेल्या हार्ट फेल्युअरच्या ‘टॉपकॅट’ चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने नवा एएफ घटल्याचे दिसलेही नाही. हा आक्षेप मान्य करायला हवा. त्यातून निघणारा निष्कर्ष इतकाच, की केवळ एएफ टाळण्यासाठी, दुसरे कोणतेही कारण नसताना, ही औषधे सुरू करण्याइतका पुरावा नाही. ज्यांना ती हार्ट फेल्युअर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडासाठी द्यायचीच आहेत, त्यांच्यात लयीचे रक्षण हा जोडलाभ आहे, आणि औषधाची निवड करताना तो हिशेबात धरावा.

तिसरा आक्षेप : लयीसाठी थेट लयीची औषधे असताना हा आडवळणाचा मार्ग कशाला? त्याचे उत्तर १९८९ मध्ये मिळाले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अवेळी ठोके पडणाऱ्या रुग्णांना एन्केनाइड व फ्लेकेनाइड देणारी ‘कास्ट’ चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. ठोके कमी झाले होते, मृत्यू मात्र वाढले होते. लयीच्या औषधांना योग्य रुग्णात आजही स्थान आहे. पण आजारी भिंत तशीच ठेवून वरची वीज दाबण्याचा धोका या चाचणीने दाखवला.

चौथा आक्षेप उलट दिशेने येतो : फायदा आहे, तर सर्वांना का देऊ नये? याचे उत्तर पोटॅशियममध्ये आहे.

९. पोटॅशियमची धार

अल्डोस्टेरॉन पोटॅशियम घालवते, म्हणून ते अडवले की पोटॅशियम साठते. प्रमाणात साठले तर लय स्थिर होते. प्रमाणाबाहेर गेले तर हृदय थांबू शकते. ‘राल्स’ चाचणीच्या यशानंतर कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात स्पायरोनोलॅक्टोनचा वापर झपाट्याने वाढला. एसीईरोधक घेणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या वयस्क रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. गोळी तीच होती. चाचणीतली देखरेख मात्र बाहेर पाळली गेली नाही.

म्हणून पोटॅशियम ५ च्या वर असेल किंवा मूत्रपिंडाची गाळणक्षमता ३० च्या खाली असेल, तर अल्डोस्टेरॉनरोधक सहसा सुरू करत नाहीत. सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासतात, पुढे ठरावीक काळाने तपासत राहतात. पोटॅशियम ५.५ च्या वर गेले की मात्रा निम्मी करतात आणि ६ च्या वर गेले की औषध बंद करतात.

महाराष्ट्रातल्या घरांत या हिशेबाला काही नेहमीच्या गोष्टी छेद देतात. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमची काही जागा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते; रक्तदाबाच्या रुग्णाला हितकर वाटणारे हे मीठ या गोळ्यांबरोबर अपायकारक ठरू शकते. शहाळ्याचे पाणी पोटॅशियमने समृद्ध असते. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. लघवीच्या संसर्गावर दिले जाणारे को-ट्रायमोक्साझोल पोटॅशियम आणखी वाढवते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की तीच मात्रा जड जाते; अशा वेळी गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारावे लागते.

स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीवरही बसते. ‘राल्स’ चाचणीत औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे १० टक्क्यांना स्तनांत सूज किंवा दुखरेपणा आला. एप्लेरेनोन व फिनेरेनोनमध्ये हा त्रास क्वचित होतो. एसीईरोधक व सार्टन गरोदरपणात वर्ज्य आहेत.

१०. भारतातील वेगळे चित्र

वर उल्लेखिलेल्या चाचण्यांतील रुग्ण बहुतांशी रक्तदाब, हार्ट फेल्युअर, मधुमेह यांचे. भारतात एएफचा आणखी एक मोठा उगम आहे : बालपणी ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या झडपा. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीत एएफच्या जवळपास निम्म्या रुग्णांना हा झडपविकार होता. तिथे डावे अलिंद फुगते ते अरुंद झालेल्या मिट्रल झडपेमागे रक्त तुंबल्यामुळे. अडथळा यांत्रिक असल्याने तो फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने दूर करणे हा मूळ उपाय. संप्रेरकरोधकांचे पाश्चात्त्य आकडे अशा रुग्णाला तसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांच्यासाठी खरा प्रतिबंध त्याहून आधीचा आहे : लहान मुलांच्या घशाच्या जिवाणू-संसर्गावर वेळेत पेनिसिलिन, आणि एकदा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेल्यावर पेनिसिलिनचीच नियमित इंजेक्शने.

११. निर्णय

हार्ट फेल्युअरमध्ये पंपशक्ती घटलेला रुग्ण, निलय जाड झालेला रक्तदाबाचा रुग्ण आणि मूत्रपिंडावर परिणाम झालेला मधुमेही, या तिघांत ही औषधे मूळ आजारासाठी वेळेत सुरू करणे हाच लय बिघडू न देण्याचा मार्ग आहे. हृदय बरे असलेल्या आणि अधूनमधून एएफ होणाऱ्या माणसाला केवळ झटके टळावेत म्हणून ती देण्यास आधार नाही. एएफ जडल्यावर गुठळीचा धोका पाहून रक्त पातळ करणारे औषध, ठोक्यांची गती आटोक्यात ठेवणे आणि गरजेनुसार ॲब्लेशन यांची जागा कोणतीही संप्रेरकरोधक गोळी घेऊ शकत नाही. वजन, दारू, झोपेतील श्वासरोध आणि रक्तदाब यांकडे दुर्लक्ष करून घेतलेल्या गोळीचा उपयोगही मर्यादितच. ज्यांना ही औषधे लिहून दिली आहेत, त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि पोटॅशियम व क्रिएटिनिनची ठरलेली तपासणी एकदाही चुकवू नये.